आठवा

पंधरा जूनला गारा पडल्या, अकरा मिनिटं.
विल्माबाईंनी घड्याळ लावून मोजली
आणि तीन गारा फ्रीजरमध्ये ठेवल्या,
वाटाण्यांच्या पिशवीशेजारी, डब्यात,
झाकणावर तारीख घालून.
जुलै संपताना पाहिल्या तर आकसल्या होत्या.
पुराव्याचंही वय होतं.

विमा कंपनीचा लायल कुचेरा दहाला आला.
पांढरी गाडी, स्वतःची शिडी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे.
हात मिळवला तेव्हा कळलं,
हा हात कधीतरी डांबराने भाजलाय.
मी विचारलं नाही.

त्याचा नियम असा:
दर उतारावर खडूने दहा फुटांचा चौकोन,
आत आठ घाव सापडले तर उतार नवा.
सात सापडले तर सात ठिगळं,
आणि ठिगळांचे पैसे तिच्याच पदरचे.

उत्तरेला अकरा. पश्चिमेला चौदा.
दक्षिणेला, तिच्या पलंगाच्या बरोबर वर, सात.
"हा?" मी बोट ठेवलं.
"फोड आहे. उन्हाचा."
"बरं, हा?"
"बुटाची टाच. बहुतेक तुझीच."

हाताच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात.
नेब्रास्कात छपरावरच्या खड्ड्याला
दोन माणसं लागतात, खडू, कॅमेरा,
आणि ओमाहातला एक साहेब
ज्याने हे घर कधी पाहिलेलं नाही.

मग त्याचा फोन वाजला,
किंवा वाजला असं तो म्हणाला.
खाली उतरला, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.
गाडीचं दार लागलं.
खडू वरच राहिला.

माझ्या पट्ट्यात गोल डोक्याची हातोडी.
या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं
निरभ्र आकाशातून एकच गार कशी पाडायची,
किती जोराने, कुठल्या कोनातून.
एलादियो शिडीच्या टोकाशी पाणी पीत होता.
त्याने गावाच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड फिरवलं
आणि बघतच राहिला,
जणू टाकीवर आज काही लिहून येणार होतं.

"किती झाले हो?" खालून विल्माबाई.
"मोजतोय."

शिंगल तापलेली. गुडघ्याखाली तिचे दाणे
जळक्या साखरेसारखे चुरत होते.
एक घाव. फक्त एक.
तिच्या उशाशी ठेवलेली बादली,
माझ्या पोरांचा आठवड्याचा पगार.
मी हातोडी काढली
आणि धुराड्याजवळचा एक वर आलेला खिळा ठोकला.
काढलेल्या हातोडीला काहीतरी काम द्यावंच लागतं.

लायल वीस मिनिटांनी आला.
चौकोनापाशी बसला, एकेका वर्तुळावर बोट ठेवलं.
सात.
पुन्हा पहिल्यापासून.
सात.
मग माझ्याकडे पाहिलं.
त्या नजरेत काय होतं
ते आज नोव्हेंबरातही मला उलगडत नाही:
मी परीक्षेत पास झालो होतो,
की एका बाईसाठी त्याने उघडं ठेवलेलं दार
मी, शहाण्याने, लावून घेतलं होतं.
"ऊन फार आहे," एवढंच म्हणाला
आणि आकडा लिहिला.

दोन उतार नवे झाले, करडे, एकसारखे.
दक्षिणेवर निळी ताडपत्री आहे.
फुकट बांधून दिली; दोरी मात्र चांगली वापरली.
रात्रभर फडफडते, असं बाई सांगतात,
तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून.
खाली खडूचा चौकोन कोरडा असेल,
सात वर्तुळं,
आणि माझ्या तळहाताएवढी एक मोकळी जागा
जिच्याभोवती कुणी काही काढलं नाही.

परवा त्यांनी फ्रीजर उघडून डबा दाखवला.
आत दोनच.
"तीन होत्या ना?" त्यांनी विचारलं,
झाकणावरची तारीख अंगठ्याने पुसत.
"तुम्ही पाहिल्या होत्यात. नीट आठवा."